मागून या, घरचेच आहात

"पुढून कायले? मागून या ना, घरचेच आहात."

भाऊंचं हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. आणि ऐकताना जवळजवळ प्रत्येक वेळी माझी चिडचिड झालेली आहे, हेही सुरुवातीलाच सांगून टाकतो. समोर पांढऱ्या खांबांचा दुमजली पोर्च, चढायला रुंद पायऱ्या, मधोमध दोन्ही बाजूंना काचा बसवलेलं मोठं दार. एवढं सगळं समोर असताना हे गृहस्थ घराच्या कोपऱ्यावरून डोकं बाहेर काढणार आणि हात हलवून सांगणार, मागून या. मग पाहुण्यांची वरात गवतातून. नॉर्थ कॅरोलायनाच्या गवतात लाल मुंग्यांची वारुळं असतात, आणि झुडपांतल्या एका वेलाला चुकून हात लागला तर आठवडाभर खाजवत बसावं लागतं. माझी बायको पाडव्याला नवी सिल्कची साडी नेसून ते घर बघायला गेली आणि पदराला काटे घेऊन परत आली. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "त्यांना सांग, आम्ही घरचे नाही. आम्हाला पाहुणे म्हणूनच बोलवा."

आम्ही सगळेच त्यांना भाऊ म्हणायचो. रिसर्च पार्कमधल्या एका कंपनीत ते माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये बसत. वयानं माझ्यापेक्षा बरेच मोठे, मूळचे अमरावतीचे. ऑफिसच्या कामात चोख. डेडलाइन कधी चुकवली नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण घराच्या बाबतीत हाच माणूस असा काही वागला की तुम्हाला खोटं वाटेल.

ही २००१ च्या शेवटाची गोष्ट. कॅरीमध्ये तेव्हा आमच्यापैकी जो तो नवीन घर बुक करत होता. सगळ्यांचा नकाशा एकच. गॅरेज डावीकडे की उजवीकडे, एवढ्यावरून आपलं घर ओळखायचं. भाऊंनी मात्र शहरापासून लांब, तंबाखूच्या जुन्या शेतांच्या मधोमध उभं असलेलं, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्याही आधीचं लाकडी घर घेतलं. त्यात बरीच वर्षं कुणी राहत नव्हतं. आम्हाला फोटो दाखवला तेव्हा आमच्यातला एक नागपूरकर म्हणाला, "यार भाऊ, एवढ्यात नवीन हाऊस आलं असतं, ग्रॅनाइटच्या ओट्यासकट." भाऊ नुसते हसले.

घर देखणं होतं, यात वाद नाही. दक्षिणेतली जुनी घरं असतात तसं. मधून आरपार जाणारा रुंद पॅसेज, त्याच्या एका टोकाला पुढचं दार, दुसऱ्या टोकाला मागचं. दोन्ही उघडली की उन्हाळ्यातही वारा खेळेल अशी सोय. पॅसेजच्या दोन्ही बाजूंना एकेक मोठी खोली, वर तशाच दोन, आणि घराच्या दोन्ही अंगांना बाहेरून चढत गेलेली विटांची धुराडी. जमीन जुन्या पाइनची, मधाच्या रंगाची. पोर्चचं छत फिकट निळं. मागच्या अंगणात, थोडं अंतर सोडून, स्वयंपाकघराची वेगळी छोटी इमारत. आगीच्या भीतीमुळे आणि उकाड्यामुळे तेव्हा स्वयंपाकघर असं लांब बांधत.

वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, त्या घरात पहिल्यांदा आल्या तेव्हा मी बरोबर होतो. त्या पोर्चच्या पायऱ्या चढल्या आणि त्या दारासमोर उभ्या राहिल्या. भाऊंनी किल्ली फिरवली. दार हललं नाही. रंगाचे थर बसून ते चौकटीला चिकटलं होतं, आणि खालचा उंबरा वाळवीनं पोखरलेला. वहिनी तरी खूश होत्या. त्या म्हणाल्या, "हे दार दुरुस्त झालं की वास्तुशांत करू. मी माप ओलांडून इथूनच येणार."

हे माप ओलांडणं त्यांच्या मनात का होतं, ते नंतर माझ्या बायकोला त्यांनीच सांगितलं. लग्नानंतर त्या अमरावतीला गेल्या ते भाऊंच्या आईच्या खोलीत. कुणाच्या तरी घरामागची भाड्याची खोली, दाराला उंबराच नव्हता. सासूबाईंनी पाणी ओवाळून टाकलं आणि म्हणाल्या, आपलं घर झालं की माप ओलांड. त्यानंतर कंपनीचं क्वार्टर, मग गेस्ट हाऊस, मग कॅरीतलं दोन खोल्यांचं अपार्टमेंट. दरम्यान सासूबाई गेल्या. वहिनींनी पितळी माप टॉवेलात गुंडाळून बॅगेतून इथवर आणलं होतं आणि ते अपार्टमेंटच्या कपाटात पडून होतं.

"येत्या दिवाळीला येऊ राहायला," भाऊ म्हणाले.

त्या दिवाळीला ते त्या घराच्या मागच्या भिंतीवरचा रंग खरवडत होते.

आता त्यांची कामाची पद्धत सांगतो, म्हणजे आमचा वैताग तुम्हाला कळेल. कुठल्याही फळीला हात लावायचा म्हटलं की भाऊ म्हणत, "थांब, आधी पाहू ना." मग टॉर्च निघायची. फळीवर रंध्याच्या खुणा आहेत की यंत्राच्या करवतीच्या, खिळा हातानं ठोकून बनवलेला आहे की कारखान्यातला, यावर अर्धा शनिवार. मी त्यांच्याकडे मदतीला जायचो तो मैत्रीखातर, आणि खरं सांगायचं तर वहिनींची दया येऊन. सकाळी खिडकी बसवायला म्हणून जायचं आणि दुपारी त्या खिडकीची एक काच हातात धरून, तिच्यातून झाड कसं लाटांसारखं दिसतं ते पाहत बसायचं. खिडकी तशीच.

शिवाय काम सुरू केलं तेही मागून. आधी ते लांबचं स्वयंपाकघर, मग मागचा पोर्च, मग मागचं दार. मी चिडून एकदा म्हटलं, "भाऊ, लोक घराचं तोंड आधी नीट करतात. तुम्ही पाठीपासून काय सुरू केलंय?"

"पुढचं घर पाहुण्यांसाठी असतं बाबा," ते म्हणाले. "ते दार पाह्य. साध्या पाइनवर ब्रशनं रेघा ओढून महागड्या लाकडाचा आव आणलेला आहे. मागे असं काही नाही. मागे जे आहे ते आहे."

"आणि वहिनींचं माप?"

"करू ना. पुढचं दार शेवटी."

दिवाळ्या येत होत्या, जात होत्या. आमच्या घरांची वास्तुशांत होऊन, बेसमेंट फिनिश होऊन, काहींची तर विकून दुसरी घेऊन झाली. वहिनी एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये काम करायच्या. दिवसभर तिथे उभं राहून त्या घरी यायच्या तेव्हा हॉलमध्ये भाऊंनी वाळत घातलेल्या खिडकीच्या चौकटी असायच्या. एकदा आम्ही जेवायला गेलो तर सोफ्यावर जुन्या बिजागऱ्या तेल लावून मांडलेल्या. वहिनींनी त्या शांतपणे उचलल्या, बाथटबमध्ये नेऊन ठेवल्या आणि आम्हाला वरण वाढलं. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

यातून भाऊंना घराच्या इतिहासाचा नाद लागला. एका वसंतात गावातल्या इतिहासप्रेमी मंडळींनी जुन्या घरांची सहल काढली. चाळीसेक माणसं भाऊंच्या अंगणात आली. एक हसऱ्या बाई माहिती सांगत होत्या, की अमुक कुटुंबानं हे घर बांधलं, जिन्याचा कठडा पाहा, खांबांची ठेवण पाहा. भाऊंनी मागून हात वर केला.

"कुटुंबानं बांधलं म्हणजे कोणी? विटा कोणी पाडल्या?"

बाई म्हणाल्या, त्या काळच्या रीतीप्रमाणे मजूर असतील.

"मजूर का गुलाम?"

मी गवताकडे पाहत राहिलो. बाई गोडपणे म्हणाल्या, चला, आता वरच्या खोल्या पाहू. भाऊ मात्र उरलेल्यांना मागच्या स्वयंपाकघरात घेऊन गेले आणि शिडीवरून माळा दाखवला. तिथे स्वयंपाकिणीची मुलं झोपत, चुलीची उष्णता वर चढायची त्या जागी, उन्हाळ्यातसुद्धा. तिथे वाकूनच उभं राहता येत होतं. हे त्यांनी पंपावरच्या, चर्चमधल्या, सलूनमधल्या म्हाताऱ्या लोकांना विचारून गोळा केलं होतं. ज्याला त्याला ते सांगत, त्या स्वयंपाकिणीच्या घरातलं कुणी असेल तर मला भेटायचंय.

आणि एक दिवस भेटलं.

ऑक्टोबरातला रविवार होता. मी मागच्या पोर्चवर खिडकीची चौकट घासत होतो, भाऊ स्वयंपाकघरात चुन्यात हात घालून बसले होते. चर्चमधून निरोप आला होता त्याप्रमाणे समोर गाडी थांबली. घराच्या बाजूनं पाहिलं तर चर्चमधून परस्पर आलेल्या एक कृष्णवर्णीय वृद्ध बाई, जांभळी टोपी घातलेल्या, भाचीच्या हाताचा आधार घेत पोर्चच्या पायऱ्या चढत होत्या. दर पायरीला थांबत होत्या. वर पोचल्यावर त्यांनी टोपी सारखी केली आणि दार वाजवलं.

भाऊ धावले. हाताला चुना, चेहरा आनंदानं फुललेला. खालूनच त्यांनी हात जोडले आणि इंग्रजीत म्हणाले, "प्लीज, मागच्या बाजूनं या. यू आर फॅमिली."

बाई हलल्या नाहीत. "काय म्हणालात?"

भाऊंना वाटलं ऐकू कमी येत असेल. त्यांनी तेच मोठ्यानं सांगितलं. भाचीनं डोळे मिटून घेतले. मलाही तोवर काही कळलं नव्हतं, पण काहीतरी भयंकर चुकलंय एवढं त्या बाईंच्या पाठीकडे पाहूनच समजत होतं.

त्या अगदी सावकाश बोलल्या. "माझी आजी या घरात स्वयंपाक करायची. तिची आई तर या घराच्या मालकीची होती, टेबलखुर्च्या असतात तशी. त्या दोघींना इथले लोक फॅमिलीच म्हणायचे. आणि दोघी मरेपर्यंत मागच्या दारानंच आल्या. मी आज या दारानं आत जायचं म्हणून आले होते."

भाऊंचा चेहरा पाहवत नव्हता. ते म्हणाले, "हे दार उघडत नाही. उंबरा कुजलाय. खरंच सांगतो."

"ते कधीच उघडत नव्हतं," बाई म्हणाल्या आणि भाचीचा हात धरून पायऱ्या उतरू लागल्या.

गाडी गेल्यावर भाऊ खालच्या पायरीवर बसले. मी शेजारी बसलो. मला रागही आला होता, कारण ही वेळ त्यांनी स्वतःच आणली होती. ते दार दोन दिवाळ्यांपूर्वी उघडलं असतं तर हे झालंच नसतं.

मग ते सांगू लागले. त्यांची आई लोकांकडे पोळ्या करायची. शाळेत जायच्या आधी भाऊ तिच्याबरोबर जायचे, अर्थात परसदारानं. आत चुलीची ऊब, तव्यावरची पहिली पोळी त्यांच्या हातात. पुढच्या दारानं येणारे लोक बैठकीत बसायचे आणि चहा घेऊन जायचे. "मला वाटे ते परके," भाऊ म्हणाले. "मागून येतो तो घरचा. मी त्यांना आपलं म्हणायला गेलो रे."

इतकी वर्षं गवतातून चालवलं, आणि त्याचं कारण हे. त्यांनी ते आधी सांगितलं असतं तर माझ्या बायकोनं काट्यांची तक्रार केली नसती.

दुसऱ्या आठवड्यापासून भाऊ पुढच्या दाराला लागले. वहिनींना कोण आनंद. दार चौकटीतून उतरवलं. कुठल्याशा पडक्या तंबाखूच्या कोठारातून जुन्या पाइनची तुळई आणून नवा उंबरा घडवला. रंगाचे थर काढताना खालच्या त्या खोट्या महागड्या लाकडाच्या रेघा दिसू लागल्या, तर भाऊंनी त्या पुसल्या नाहीत. म्हणाले, आव आणलेला असला तरी तो हातही इथल्या गुलामांपैकीच कुणाचा तरी असणार. वसंतापर्यंत दार इतकं हलकं झालं की बोटानं ढकललं तरी आवाज न करता उघडावं.

वहिनींनी कपाटातून माप काढलं आणि चिंच लावून लख्ख केलं. तेव्हा भाऊ म्हणाले, "थोडं थांबू. या दारानं पहिल्यांदा त्या मावशींनी आत यायला पाहिजे."

त्या दिवशी वहिनी बोलल्या. मी आणि माझी बायको तिथेच होतो, उठून जायचीही सोय नव्हती.

"तुम्हाला तुमच्या आईचं मागचं दार आठवतं. त्या बाईंच्या आजीचं आठवतं. माझं पुढचं दार तेवढं दिसत नाही," वहिनी म्हणाल्या. "मी कुणाच्या वाईटावर आहे का? मला माझ्या घरात जायचंय, बस्स."

भाऊंनी तरीही ऐकलं नाही. ते दर रविवारी चर्चच्या बाहेर जाऊन उभे राहू लागले. बाई भेटायच्या, तब्येत विचारायच्या, माफी मागितली की मान हलवायच्या. घरी या म्हटलं की म्हणायच्या, "पाहू." भाऊंचाच शब्द त्यांना परत मिळत होता, पण मला त्यात मजा वाटेनाशी झाली होती. एक माणूस बोलावून थकत नाही, एक बाई येत नाहीत आणि तिसरी अपार्टमेंटमध्ये माप घासत बसली आहे. दार तयार होऊन वर्ष उलटलं होतं. दुरुस्त झालेल्या, झाडूनपुसून ठेवलेल्या त्या घरात कुणीच राहत नव्हतं. मी भाऊंकडे शनिवारी जाणं बंद केलं. काय करायला जायचं, हेच कळेना.

कोंडी फोडली ती वहिनींनी, आणि तीही कुणाला न विचारता. एका संध्याकाळी लॅबमधून परस्पर त्या बाईंच्या घरी गेल्या, बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन. काय बोलल्या ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. परत आल्या आणि भाऊंना म्हणाल्या, "गुरुजींना फोन करा. त्या येतायत."

वास्तुशांत २००७ च्या वसंतात झाली. गुरुजी म्हणजे आठवडाभर डेटाबेस सांभाळणारे आणि शनिवार-रविवारी सोवळं नेसणारे आमच्यातलेच एक. जुनं वाळलेलं पाइन, म्हणून होम घरात करायचा नाही, अंगणात करायचा, असं भाऊंनी ठरवलं होतं. शेजारी पाण्याचा पाइपही ओढून ठेवला होता. आम्ही सगळे पुढच्या अंगणात जमलो. तेवढ्यात गुरुजींचा फोन आला की रस्ता चुकलोय. भाऊ म्हणाले, "मी घेऊन येतो, मी येईस्तोवर काही सुरू करू नका," आणि गाडी काढून गेले.

ते वळणाआड झाले आणि दुसरीकडून बाईंची गाडी आली.

तीच जांभळी टोपी. त्या पायऱ्या चढल्या. वर वहिनी शालू नेसून, हातात कलश घेऊन उभ्या होत्या. उंबऱ्यावर तांदळानं भरलेलं माप. आम्हा सगळ्यांना वाटलं भाऊंची वाट पाहायची. पण वहिनींनी बाईंना इंग्रजीत, एकेक शब्द जुळवत सांगितलं, "आमच्यात सून घरात येते तेव्हा घरातलं मोठं माणूस आतून तिला बोलावतं. माझ्या सासूबाई नाहीत. या घरात मोठं असं तुमच्याशिवाय कुणी नाही. तुम्ही आधी आत जा, आणि मला बोलवा."

बाईंनी टोपी सारखी केली. मग वहिनींनी माप बाजूला घेतलं, आणि बाईंनी दारावर तळहात ठेवला. दार उघडलं. जरासुद्धा आवाज झाला नाही.

त्या एकट्याच आत गेल्या. भाची पोर्चवरच थांबली. पाइनच्या जमिनीवर त्यांची पावलं वाजत लांब गेली, मागच्या दारापाशी थांबली. तिथून ते स्वयंपाकघर समोर दिसतं. कितीतरी वेळ काही ऐकू आलं नाही. मग पावलं सावकाश परत आली, आणि पॅसेजच्या अंधारातून आधी ती टोपी दिसली, मग त्या. दाराच्या चौकटीत, आतल्या बाजूला, त्या सरळ उभ्या राहिल्या. वहिनींनी माप पुन्हा उंबऱ्यावर ठेवलं.

"ये मुली," त्या म्हणाल्या. "या घरात ये."

वहिनींनी उजव्या पायानं माप ओलांडलं. तांदूळ त्या जुन्या फळ्यांवर दूरवर पसरले. वहिनी रडत होत्या, माझी बायको रडत होती, आणि मी रडत नव्हतो असं सांगण्यात काही अर्थ नाही.

आणि भाऊ? ज्या क्षणासाठी या माणसानं सगळ्यांना ताटकळत ठेवलं, त्या क्षणी भाऊ कुठल्यातरी पेट्रोल पंपावर गुरुजींना शोधत होते. आले ते नेहमीसारखे घराच्या मागच्या बाजूनं. "या गुरुजी, मागून या, घरचेच आहात," असं बोलत ते पॅसेजमध्ये शिरले आणि आम्हाला सगळ्यांना आत पाहून थबकले.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," वहिनी म्हणाल्या.

बाई त्यांच्याकडे पाहून पहिल्यांदाच हसल्या. "मुला, तू चुकवलंस."

नंतर दिवसभर ते एकेकाला गाठून विचारत होते. त्या आत कशा गेल्या, कोणता पाय आधी टाकला, काही बोलल्या का, दार अडलं तर नाही ना. मी तीनदा सगळं सांगितलं. चौथ्यांदा विचारायला आले तेव्हा मी चिडलो नाही. उरलेले तांदूळ मात्र त्यांनी कुणाला झाडू दिले नाहीत. फळ्यांच्या फटींत गेलेत ते तिथेच राहू दे, म्हणाले.

त्या घरात ते दोघं धड दीड वर्षसुद्धा राहिले नाहीत. २००८ मध्ये कंपनीनं आमचा विभाग बंद केला. मला गावातच दुसरी नोकरी मिळाली. भाऊंना मिळाली ती चँडलरला, ॲरिझोनात, वाळवंटात. घर विकावं लागलं, तेही पडत्या बाजारात. इतक्या वर्षांत मला त्यांचा किती संताप आला होता, पण सर्वांत जास्त आला तो तेव्हा, आणि तो नेमका कुणावर काढायचा ते समजत नव्हतं. आधीच राहायला गेले असते तर निदान काही वर्षं तरी राहून झाली असती, असं मी वहिनींना म्हटलं. त्या म्हणाल्या, "असू दे. मी माझ्या दारानं गेले ना." निघताना माप त्यांनी पुन्हा टॉवेलात गुंडाळलं.

चँडलरचं घर नवीन आहे, असं भाऊ फोनवर सांगतात. त्याला मागचं दार म्हणजे सरकती काच, आणि तिच्यापुढे भिंत. तिथून कुणी येऊ शकत नाही. हे सांगून झालं की ते मूळ मुद्द्यावर येतात. "ऑगस्टमध्ये हवा दमट असते, ते दार फुगलं तर नसेल ना रे? जाऊन पाह्य ना एकदा."

शेवटी मी एका शनिवारी गेलो. नवीन मालक तरुण शिक्षक आहे, त्याला आधी फोन केला होता. गाडी त्याच झाडाखाली लावली आणि उतरून चालू लागलो. गुडघ्याएवढ्या गवतातून, वारुळं चुकवत, मागच्या पोर्चवर. दार वाजवलं. ते आतून बंद होतं, आणि खिडकीतून पाहिलं तर दाराला लावून फ्रीज ठेवलेला होता. तेव्हा मला उमगलं की आपण कुठून आलो.

"हॅलो?" पुढून हाक ऐकू आली. "मी इकडे आहे. पुढचं दार उघडंच आहे, इकडून या."

मी हो म्हटलं. पण लगेच पाय निघेना. त्या बंद दारापाशी मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. कुणीतरी कोपऱ्यावरून डोकं काढून मला घरचा म्हणेल, असं उगाच वाटत होतं.